शिंपिणीचा जोडधंदा

मुलांनो, शपथेवर सांगतो, ही गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खरी आहे. ज्या झाडावर ती घडली, त्या झाडाखाली मी स्वतः बसलो होतो. बसलो होतो म्हणजे, माझा मावसभाऊ बसला होता. त्यालाही मध्येच डुलकी लागली, त्यामुळे मधला भाग त्याला दुसऱ्या दिवशी एका गुराख्याने सांगितला, आणि तो गुराखी जरा वाढवून सांगणाऱ्यांतला होता. पण तेवढं सोडलं तर यात एक अक्षर खोटं नाही.

घाटाखालच्या जंगलात उंबराच्या एका फांदीवर शिंपीण नावाची चिमुकली पक्षीण आपल्या नवऱ्याबरोबर राहत होती. जीव अंगठ्याएवढा, पण चोच म्हणजे सुईच. दोन हिरवी पानं जवळ ओढायची, कडांना भोकं पाडायची, सावरीच्या कापसाचा धागा ओवायचा, की झाली पिशवी तयार. अशाच एका पिशवीत मऊ कापूस घालून तिने चार अंडी घातली होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोन पानं वाऱ्याने एकमेकांना चिकटली आहेत. कावळ्याला घर सापडू नये म्हणून हा सगळा खटाटोप. दिवसभर ती अंड्यांवर बसून असे. गेल्या खेपेला पाऊस लांबला, अळ्या मिळेनाशा झाल्या आणि चारांतली दोन पिल्लं भुकेने गेली. या खेपेला चारही उडताना बघायची, एवढं एकच तिच्या मनात होतं.

एके दिवशी उंबराखाली कोल्हा आला. त्याने शिकार कधीच सोडली होती. आता त्याची पोपटांची साखळी होती. जंगलातल्या प्रत्येक उंच झाडावर त्याचा एकेक पोपट. या टोकाला कुणी काही बोललं की क्षणात त्या टोकाला ऐकू जाई. कुणाला काय हवं, कुणाकडे काय विकायला आहे, सगळं घरात बसून कळे. माल पोहोचवायला कावळे ठेवले होते. तुमच्याकडे ज्याला ऑनलाइन म्हणतात ना, तेच हे, फक्त हे पेरू खायचं.

"ताई, दिवसभर काय करता?" कोल्ह्याने विचारलं.

"अंड्यांवर बसते."

"म्हणजे काहीच नाही करत!" कोल्हा हळहळला. "अहो, चोच तर मोकळीच असते ना? पानांच्या पिशव्या शिवा. माकडिणींना फळं ठेवायला हव्यात, खारींना बिया ठेवायला हव्यात. एका पिशवीला वीस अळ्या, सुकवलेल्या. भांडवल नको, दुकान नको, कुणाची चाकरी नको."

वीस अळ्या म्हटल्यावर शिंपिणीच्या डोळ्यांपुढे गेल्या खेपेची ती दोन पिल्लं आली. तरी ती म्हणाली, "पण माल न्यायला कावळा येणार. त्याला मी घर दाखवायची नाही."

"नका दाखवू. पलीकडच्या करंजावर नेऊन देत जा. दोन मिनिटांचं तर काम. फक्त एक लक्षात ठेवा, पोपटाने हाक मारली की तिसऱ्या हाकेच्या आत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर तुमचं नाव मागे पडतं, मग कुणी विचारत नाही."

शेजारच्या फांदीवरून नवरा म्हणाला, "अगं, हो म्हण की! नाहीतरी घरीच तर असतेस."

तिने हो म्हटलं.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. शिंपीण अंड्यांवर बसायची आणि हाताशी असलेली पानं शिवायची. कोल्हा बोलल्याप्रमाणे अळ्या पोहोचत्या करायचा, त्यात एकीचीही कसूर नाही. गिऱ्हाईक खूश झालं की करंजाच्या सालीवर विकणाऱ्याच्या नावापुढे पाच चोची मारायची रीत होती. शिंपिणीच्या नावापुढे पाच-पाच चोची पडू लागल्या. नवरा ज्याला त्याला सांगायचा, "आमची ही हल्ली पाच चोचींची आहे बरं का!"

पण पाच चोची दिसल्या की मागणी वाढते. जवळची पानं संपली, तेव्हा ती लांबची आणायला जाऊ लागली. धागा संपला, तेव्हा सावरीपर्यंत जाऊ लागली. त्यात एका माकडिणीने पिशवी परत पाठवली. "हिरवी मागवली होती. तीन दिवसांत पिवळी पडली."

"अहो, पान आहे ते! पिवळं पडणारच," शिंपीण म्हणाली.

"गिऱ्हाइकाशी वाद नको, ताई," पोपटाच्या तोंडून कोल्ह्याचं उत्तर आलं. "दुसरी शिवून द्या. दोन मिनिटांचं काम."

प्रत्येक काम दोन मिनिटांचंच होतं. उडायची, द्यायची, परत यायची आणि पोटाखाली अंडी चाचपायची. कोमट लागायची. मग तिला बरं वाटायचं.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी करंजावर जाऊन येते. तेवढा वेळ बसता का अंड्यांवर?"

"मी?" नवरा दचकला. "मला नाही जमायचं ते. आणि तू काय परगावी निघालीस का? इथल्या इथे तर चाललीस."

"दोनच मिनिटं हो."

"दोनच मिनिटं ना? मग तेवढ्यात काय होतंय अंड्यांना!"

जांभळं पिकली, तशी माकडांच्या कळपाने एका दिवसात तीस पिशव्या मागवल्या. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि गार वारा सुटला होता. शिंपीण तीस वेळा उठली आणि तीस वेळा येऊन बसली. तिसाव्या वेळी परत आली, तेव्हा तिला वाटलं, आपल्याच अंगाला गारठा लागला असेल, म्हणून अंडी गार लागताहेत. ती पंख पसरून रात्रभर त्यांच्यावर बसून राहिली.

बाराव्या दिवशी अंडी फुटायला हवी होती. फुटली नाहीत. चौदावा दिवस गेला. पंधराव्या दिवशी तिने एका अंड्यावर चोचीने हळूच टकटक केलं. मग दुसऱ्यावर. मग उरलेल्या दोन्हींवर. आतून कुणी उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात पोपटाची हाक आली. "शिंपीणताई, सहा पिशव्या! कावळा करंजावर थांबलाय!" दुसरी हाक आली. ती तशीच बसून होती. तिसरी हाक आली, तेव्हा तिने मान वर केली.

"कावळ्याला म्हणावं, करंजावर थांबू नको. इथंच ये. उंबराची खालून तिसरी फांदी, जोडलेली दोन पानं."

कावळा आला. पानं चोचीने बाजूला सारून त्याने आत पाहिलं आणि तो चपापला. इतके दिवस तो हेच घर शोधत होता.

"बाई, मी नाही हं काही केलं," तो घाईघाईने म्हणाला. "मी तर आत्ताच आलो."

"माहीत आहे."

"गार आहेत वाटतं?"

"हो."

कावळा थोडा वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मग... नेऊ का?"

शिंपीण बाजूला सरकली. कावळ्याने एकेक करून चारही अंडी नेली आणि पाचव्या फेरीला सहा पिशव्याही नेल्या. आपल्या कामात त्याने कुठे कमी ठेवली नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला. त्याने रिकामा कापूस पाहिला आणि मान खाली घातली. त्यालाही वाईट वाटलंच होतं. मग तो तिच्या शेजारी सरकून बसला आणि समजूत काढण्याच्या सुरात म्हणाला, "जाऊ दे गं. एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. आता तुला धंद्याला पूर्ण वेळ देता येईल."

आता मुलांनो, शपथ घेतली आहे, तेव्हा एक कबुली देऊन टाकतो. या गोष्टीतला कोल्हा मी माझ्या पदरचा घातला आहे. तिथे कोल्हा नव्हताच. पोपट होते, कावळे होते, अळ्या वेळच्या वेळी येत होत्या, आणि तिला कुणीही फसवलं नव्हतं. पण गोष्टीत लबाड कुणी नसला की तुम्ही विचारता, मग चूक कुणाची? त्याचं उत्तर द्यायला नको, म्हणून कोल्हा आणला. नवऱ्याचं शेवटचं वाक्य मात्र मी बनवलेलं नाही. ते जसंच्या तसं आहे, आणि ते कुणाच्या तोंडचं, हे मला विचारू नका.

तात्पर्य : जोडधंदा रिकाम्या वेळात करतात, पण घरी असलेली बाई रिकामीच असते असं ज्या घरात समजतात, तिथे तो सुरू करण्याआधी अंड्यांवर कोण बसणार ते ठरवावं.