पहिल्या तृप्तीचा सण

एका राज्यात धृतवर्मा नावाचा राजा होता. राज्याला नदी होती, नदीकाठी काळी कसदार जमीन होती आणि साळीची कोठारे शिगोशीग भरलेली होती. एका सुगीला राजा भर सभेत म्हणाला, "हे वैभव माझ्या कुळाच्या तलवारीचे. यात दुसऱ्या कुणाचा हात नाही."

शब्द सुटले आणि धान्याला शाप लागला. लोक जेवत, पण पोट भरेना. ताटे रिकामी होत, भूक तशीच राही. दीड वर्षात वैद्य थकले, मांत्रिक थकले. राजकन्या सुवर्चलेची म्हातारी दाई पाचव्यांदा भात वाढून घेताना खाली मान घालून म्हणाली, "ताईसाहेब, लाज वाटते हो. पण भूक जात नाही."

सुवर्चला त्याच सकाळी रानात निघाली. तिसऱ्या दिवशी उंबरावरून एक धनेश पक्षी बोलला, "राजकन्ये, कुठे?"

"या भुकेचे मूळ शोधायला."

"मग पठारावर तुंगाईकडे जा. तुझे पूर्वज नावा फुटून उपाशी या किनाऱ्याला लागले, तेव्हा तिच्या लोकांनी त्यांना जेवू घातले. बियाणे दिले, पेरायला शिकवले. पुढे तुझ्याच पणजोबांनी त्यांना नदीकाठावरून हुसकावले."

हे सुवर्चलेला कुणी कधी सांगितले नव्हते. ती बराच वेळ दगडावर बसून राहिली. मग उठली आणि पठार चढली.

तुंगाई जादूगारीण होती. तिच्या जटांत मधमाश्या नांदत.

"शाप तुम्ही दिलात?" सुवर्चलेने विचारले.

"मी नाही. बियाण्याने दिला. त्याला आपली माणसे आठवतात. उतारा मला ठाऊक आहे. कामे तीन आहेत. पहिले, हा खडक नांगर."

सुवर्चलेने दोन दिवस नांगर रेटला. तळहात सोलले, खडकावर ओरखडा उठेना. पठारावरचा कोंडू नावाचा म्हातारा हे पाहत होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "पोरी, फाळ तिरपा धर." तिने धरला. "बाबा, उपकार झाले," ती म्हणाली. त्या शब्दासरशी खडक लोण्यासारखा फाटला.

"दुसरे," तुंगाई म्हणाली, "आम्ही दिलेल्या पहिल्या बियाण्याचे मडके आण."

मडके राजाच्याच खजिन्यात होते, सोन्याच्या राशीखाली. राशीवर नाग बसला होता.

"काय नेतेस?" नागाने विचारले.

"सोने नको. मडके."

"कुणाचे?"

"तुंगाईच्या लोकांचे."

नागाने वेटोळे सोडले. मडक्यातली साळ पठारावर पेरली आणि तीन दिवसांत लोंब्या वाकल्या.

"तिसरे. हा भात तुझ्या बापाने आपल्या हाताने आम्हांला वाढावा."

हे काम सर्वांत अवघड होते. सुवर्चलेने नगरात येऊन बापाला सगळे सांगितले, तेव्हा राजा ताडकन उठला. "मी कुणापुढे वाकत नाही!"

"तात, वाढायचे तर वाकावेच लागते."

राजाने लेकीचे सोललेले तळहात पाहिले. तोही दीड वर्ष उपाशीच होता. त्याने मुकुट काढून आसनावर ठेवला आणि लेकीमागून चालू लागला.

पठारावर पंगत बसली. पठारची माणसे बसली, नगरचीही बसली. राजाने पहिल्या पानावर, तुंगाईच्या पानावर, भात वाढला.

"आम्ही उपाशी आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही जेवू घातलेत. आम्ही ते विसरलो. नदीकाठ तुमचा आहे, परत या."

तुंगाईने त्याच्याकडे पाहिले. "येऊ," ती म्हणाली. "आणखी वाढ. हात आखडू नकोस."

सगळे जेवू लागले. पाने रिकामी होऊ लागली. इतक्यात म्हाताऱ्या दाईने मोठ्ठी ढेकर दिली. मग आधी कोंडू हसला, मग तुंगाई, मग राजा डोळे पुसत पुसत हसला. पोटे भरली होती. शाप सुटला होता.

त्या दिवसाचा राज्यभर सण झाला. नदीकाठी दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी नांदू लागले. दर सुगीला पठारची माणसे पहिल्या पंगतीला बसतात, राजा वाढतो, आणि सगळे जेवून उठल्यावर शेवटच्या पानावर तो स्वतः बसतो. त्याला तुंगाईच्या घरची माणसे वाढतात, पोट भरेपर्यंत. तसे ते तुमचे आमचेही भरो.