भिवरा कासारीण बसून राहिली तेव्हा

मंडळी, नदीवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा उंबरढवात भिवरा नावाची कासारीण बांगड्या घेऊन यायची. डोक्यावर पाटी, खांद्यांवर बांगड्यांच्या माळा आणि पायाला भिंगरी. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. पाणी दिलं तर उभ्यानं प्यायची. असं म्हणतात, तांब्या खाली ठेवायच्या आत पुढच्या आळीत तिची हाक ऐकू यायची, "बांगड्या भरा गं बायांनो!"

आता आम्ही धंद्यातली माणसं. गिऱ्हाइकाच्या घरात कोण कुठवर जातो, यावर आमचं लक्ष असतं. वाणी अंगणापर्यंत, कापडवाला ओट्यापर्यंत. कासारीण थेट माजघरात. ती हात हातात घेते आणि बाई बोलू लागते. त्यामुळं कुठल्या घरात काय शिजतंय, काय करपतंय, सगळं भिवराला ठाऊक.

आणि एका गोष्टीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळा नदीपलीकडं. दर वर्षी ज्येष्ठात उंबरढवची चार-सहा पोरं नावेतून पलीकडं जायची आणि पोळ्याच्या आत म्हशींमागं परत दिसायची. भिवराचा स्वतःचा एकुलता लेक आठव्या दिवशी परतला होता. पुढं जन्मभर कागद दिसला की तो मान फिरवायचा. भिवराला वाटायचं, या लेकरांना पुस्तक पहिल्यांदा दिसतं ते मास्तरांच्या हातात, छडीच्या शेजारी. मग ती भिणार नाहीत तर काय करतील?

ती शिकलेली नव्हती. बांगड्यांच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या बघून बघून अक्षरं लावायला लागली होती, एवढंच. शहरात जिथून ती माल घ्यायची, त्याच गल्लीत एक छापखाना होता. तिथं लहान मुलांची चित्रांची पुस्तकं निघत. छापखानेवाल्याच्या लेकीसुनांना बांगड्या भरून तिनं बदल्यात पुस्तकं आणली आणि उंबरढवात ज्या ज्या घरी रांगतं मूल, त्या त्या घरी एकेक देऊन टाकलं. "शाळेत जायच्या आधी ह्याची वळख होऊ द्या," म्हणाली आणि निघाली.

दोन वर्षं गेली, तीन गेली. पोरं पोळ्याच्या आत परत येतच राहिली. भिवराला कळेना. मग तिनं माजघरात बसल्या बसल्या नजर फिरवली, तर काय? सगळी पुस्तकं देव्हाऱ्यात! लाल फडक्यात बांधलेली, वर हळदकुंकू. लोकांनी मोठ्या भक्तीनं ठेवली होती. विद्येला लेकराचा पाय लागला तर? म्हणून लेकरालाच देव्हाऱ्यापासून लांब ठेवलेलं. असं म्हणतात, तेव्हापासून भिवराला कुठल्याही घरात बसवेना. त्या फडक्यांच्या आत पानं सळसळतात, ते तिला ऐकू यायचं. भरता भरता तिच्या हातून बांगड्या पिचायला लागल्या.

गावात येसूआत्या म्हणून एक करारी बाई होती. तिनं केलं की गावानं करायचं. देव्हाऱ्यात पुस्तक पहिल्यांदा तिनंच ठेवलं होतं. तिची धाकटी नात ठकू दीड वर्षाची. एकदा आत्या विहिरीवर गेली असताना भिवरानं देव्हाऱ्यातलं पुस्तक काढून ठकूपुढं ठेवलं. ठकूनं आधी कोपरा चोखला, मग पान धरलं आणि टर्रकन फाडलं. नेमकी आत्या दारात!

"अगं बया! पोरीच्या हातनं पाप घडवलंस! चालती हो. ह्या गावात तुझ्या हातची बांगडी आता कुणी भरायची नाही."

पण आत्या एक विसरली. चौथ्या दिवशी तिच्या धाकट्या लेकीचं, हिराचं, लग्न होतं. हिरवा चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही. आणि आपल्याकडं कासारांचा शिरस्ता असा, की एकाच्या गावात दुसरा पाऊल ठेवत नाही. आत्यानं तीन गावांना माणसं धाडली. तिन्हीकडून एकच निरोप, "उंबरढव भिवराचं. आम्ही यायचो नाही."

इकडं भिवरा काय करते? आत्याच्याच ओट्यावर जाऊन बसली. जी बाई कामाशिवाय कधी टेकली नाही, ती मांडी घालून बसली! म्हणाली, "ठकूला मांडीवर घेऊन पुस्तक दाखवा, मग चुडा भरते. तोवर हलायची नाही."

एक दिवस गेला. दुसरा गेला. भिवराच्या दुसऱ्या गावांचे लोक गाड्या जुंपून तिला शोधत आले. त्यांच्याही नवऱ्या मुली मोकळ्या हातांनी बसलेल्या. लग्नघरांत बोंबाबोंब, आत्याच्या अंगणात गर्दी. असं म्हणतात, बसल्या जागी भिवराचे पाय इतके थरथरत होते की ओट्याचे दगड हलले आणि वारा नसताना तिच्या खांद्यावरच्या बांगड्या किणकिणत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी आत्या बाहेर आली.

"ऊठ गं भिवरे. बुडाखाली निखारे असल्यागत पळणारी तू, आताच कशी रुतलीस? हिराचे हात मोकळे हायत."

"ठकूचे बी मोकळेच हायत, आत्याबाई."

"फाडतीया ती!"

"बांगडी पिचती म्हणून तुम्ही हात देव्हाऱ्यात ठेवता का? दुसरी भरता. पान फाटलं तर खळ लावून चिकटवू."

गर्दीत कुणीतरी हसलं. आत्याचा चेहरा पडला. मग ती खाली वाकून, भिवरालाच ऐकू जाईल अशी बोलली, "मला कुठं वाचता येतं गं? चारचौघांत माझी शोभा करतीस व्हय?"

भिवराही तितक्याच हळू म्हणाली, "मांजर वळखता येतं का?"

"थट्टा करतीस? घरात तीन हायत."

"मग झालं की. तेवढंच सांगा तिला."

आत्यानं हात धुतले. पुस्तक आणलं, ठकूला मांडीवर घेतलं. पहिल्या पानावर मांजर होतं, समोर दुधाची वाटी. "ही बघ माऊ. आपल्या पांढरीसारखी. बघ कशी टपलीया मेली. आता दूध पिणार बघ." ठकूनं थाडकन पान उलटलं. मांजर दूध पीत होतं! "बघा, म्हटलं नव्हतं!" आत्या ओरडली, आणि पुढचं पान ठकूच्या आधी तिनंच उलटलं. अंगणातली माणसं पुढं सरकली. "मग? मग काय झालं आत्याबाई?" गाडीवाले बैल सोडून ओट्याला भिडले. असं म्हणतात, पुस्तक दोनदा सरलं तरी कुणी जागचं हलेना. इकडं भिवरानं हिराचा चुडा भरूनही टाकला आणि कोणाला काही कळायच्या आत ती पुढच्या गावाला लागली होती.

त्या आठवड्यात गावातली सगळी लाल फडकी सुटली. चार-पाच वर्षांनी ठकू नावेतून शाळेत गेली. मास्तरांनी पुस्तक उघडलं, तर ही त्यांच्या मांडीला टेकून विचारते, "ह्याच्यात माऊ कुठाय?" पोळा आला, गेला. ठकू म्हशींमागं परतली नाही. तिच्याबरोबरची पाच पोरंही नाहीत.

भिवराचं काय झालं, नक्की कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं नदीच्या उतारात वाहून गेली, कुणी म्हणतं अजून चालतेच आहे.

उंबरढवात मात्र दसऱ्याला आजही नव्या पुस्तकांची पूजा होत नाही. घरोघरची लेकरांची फाटकी पुस्तकं पारावर येतात. ज्याची सगळ्यांत जास्त दैना, ते मधोमध मांडतात, आणि त्या घरच्या बाईला भिवराच्या नावानं पहिली हिरवी बांगडी भरतात. मग बायाबापड्या खळ शिजवून सगळी पानं चिकटवतात आणि संध्याकाळच्या आत पुस्तकं लेकरांना परत देतात. मागं गावात नवा आलेला एक गृहस्थ कोरं करकरीत पुस्तक कागदात गुंडाळून घेऊन आला होता. पारावरच्या म्हातारीनं ते उलटंपालटं केलं, वास घेतला आणि त्याच्या हातात परत दिलं.

"हे अजून कुणाचंच झालेलं नाही बाबा," म्हणाली. "घरी ने, पोरांच्यात टाक. पुढल्या साली आण."