चंद्रीचं कार्ड

एका गावात एक भोळा फिटर होता. नाव हणमंत. तो सूतगिरणीत कामाला, बायको इंदू दूध डेअरीत. घरात दीड वर्षाची छकुली, हणमंताची आई आणि दारात चंद्री म्हैस. हणमंताला सांगितलेलं सगळं लक्षात राहायचं. पंचाईत तिथंच होती.

यंदा इंदूच्या पित्ताशयात खडे निघाले. दिवाळीआधी ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं. कुटुंबाचा विमा गिरणीतही होता आणि डेअरीतही. पण नावं द्यायची ती वर्षातून एकदाच, शनिवारपर्यंत. एकदा हुकलं की वर्षभर बोंब. इंदू तर कळांनी अंथरुणाला खिळलेली. तिनं नवऱ्याला सांगितलं, गिरणीचा फॉर्म आणा आणि घरच्या सगळ्यांची नावं घाला.

हणमंतानं सगळ्यांची घातली. शेवटी चंद्री. नात्याच्या रकान्यात लिहिलं, दुभती म्हैस. कारकुनानं फॉर्म परत दिला.

इंदूनं कपाळावर हात मारला. "अहो, जिला आपलं नावसुद्धा सांगता येत नाही, तिचा विमा कोण उतरवणार?"

हे त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म भरताना त्यानं छकुलीला नाव विचारलं. ती बोबडं हसली. तिला गाळलं. आईला विचारलं. आईचं चातुर्मासाचं मौन चालू होतं. तिनं पुष्कळ हातवारे केले, शेवटी लाटणंही दाखवलं, पण नाव काही सांगितलं नाही. तिलाही गाळलं.

इंदूनं तोही फॉर्म फाडला आणि नवऱ्याला समोर बसवून समजावलं. मागच्या वर्षी सगळ्यांना दोन्हीकडे घातलं, म्हणून दोघांचेही पगार कापले गेले. डेअरी लेकराबाळांचा आणि म्हाताऱ्यांचा भार स्वतः उचलते. गिरणीत नवरा-बायकोची कपात कमी. तेव्हा आई आणि छकुली डेअरीत, आपण दोघं गिरणीत. हणमंत मान हलवत राहिला. त्याला झेपेल असं एकच वाक्य तिनं शेवटी दोनदा सांगितलं.

"ज्याचं नाव दुसऱ्या कागदावर असेल, त्याचं इथलं खोडा."

शनिवारी हणमंत गिरणीचा आणि डेअरीतून आणलेला, असे दोन्ही फॉर्म घेऊन गिरणीच्या फाटकाशी बसला. हे फॉर्म आधीसारखे कोरे नव्हते, दोन्हींवर मागच्या वर्षीची नावं छापूनच आली होती. गिरणीच्या कागदावर इंदू होती, डेअरीच्याही कागदावर होती. इथलं खोडलं. मग डेअरीचा कागद घेतला. इंदूचं नाव गिरणीच्या कागदावर होतंच, खोडलेलं का असेना. तिथलंही खोडलं. मग आई, छकुली आणि स्वतः. घरच्यांत त्यानं दुजाभाव केला नाही.

खिडकीवर गर्दी होती. कारकून मान वर न करता म्हणाला, सगळंच खोडलेला फॉर्म घेत नाही, एक तरी नाव हवं. हणमंत विचारात पडला. दुसऱ्या कागदावर नाव नाही, अशी घरात एकच होती. तिला नाव सांगता येत नव्हतं, पण हाक मारली की ती ओ द्यायची. ते त्यानं चालवून घेतलं. नात्यात या खेपेला नुसतं "घरची" लिहिलं. शिक्का बसला. डेअरीत मात्र त्यानं खोडलेला फॉर्म तसाच पेटीत टाकला. चंद्रीला दोन्हीकडे घालायला तो काही खुळा नव्हता.

गिरणीत कार्ड आलं, ते हणमंतानं जपून खिशातच ठेवलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की दवाखान्यात येताना कार्ड आणा आणि कार्डावर नाव असलेल्यांना बरोबर आणा.

ऑपरेशनच्या दिवशी इंदू सासूबरोबर रिक्षानं पुढं गेली. हणमंत मागून चालत आला, घामाघूम. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड बघितलं. मग कॉम्प्युटरवर शोधलं. इंदूचं नाव ना गिरणीत, ना डेअरीत. इंदू बाकावर बसली.

"मग ही चंद्री कोण?" बाईंनी विचारलं.

हणमंताचा चेहरा खुलला. चार मैल चालल्याचं सार्थक झालं. "बाहेर अँब्युलन्सला बांधलीय," तो म्हणाला. "आत आणू, का डॉक्टर बाहेर येतील?"

चातुर्मास संपायला अजून तीन आठवडे होते. आईचं मौन तिथंच मोडलं.