शिल्पपट्टातली मोकळी जागा

रोम नगरात एकदा एक वृद्ध कोरीवकार राहत होता. पडकी देवळे, विजयाच्या कमानी, भंगलेले खांब यांची चित्रे तो तांब्याच्या पत्र्यावर कोरी आणि त्या पत्र्यांवरून कागदावर ठसे काढी. उत्तरेकडच्या देशांत त्या काळी प्राचीन धाटणीची घरे बांधण्याचे वेड पसरले होते. तिकडच्या सगळ्याच स्थपतींना रोमचा प्रवास जमत नसे. त्यांच्यापर्यंत रोम पोहोचे ते या ठशांतून. ठशात जसा खांब दिसे, तसा तिकडे उभा राही. ठशातली वेलबुट्टी तिकडच्या छतांवर आणि दिवाणखान्यातल्या शेकोट्यांच्या चौकटींवर उमटे. आपल्या सुईची एक रेघ दूरदेशी कोणाच्या तरी भिंतीवर जाऊन बसते, हे वृद्धाला ठाऊक होते. म्हणून तो हळू काम करी.

त्याचा एक शिष्य होता. डोंगरातल्या एका पाथरवटाचा मुलगा. लहानपणी आला आणि तिथेच वाढला. पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यावा, सुईने मेण खरवडून चित्र काढावे, मग पत्रा तेजाबात सोडावा, म्हणजे उघड्या पडलेल्या रेषांपुरतेच तांबे खाल्ले जाते, ही सारी विद्या त्याने आत्मसात केली होती. आता त्याचा हात गुरूपेक्षाही हलका झाला होता. हे गुरूला दिसत होते, आणि शिष्यालाही.

नगराबाहेर एका द्राक्षमळ्यात प्राचीन देवळाची एकच भिंत शिल्लक होती. तिच्यावर संगमरवरी शिल्पपट्ट होता: डोक्यावर टोपल्या घेतलेल्या स्त्रियांची मिरवणूक. पण मधोमध पट्ट तुटला होता. डावीकडच्या शेवटच्या स्त्रीने हात पुढे केला होता आणि तो मनगटापाशीच संपत होता. पुढे पट्टाचा तुकडाच नव्हता, नुसती मोकळी जागा, आणि त्यानंतर पुन्हा उजवीकडच्या स्त्रिया. या पट्टाचा पत्रा गुरूने शिष्याकडे सोपवला.

शिष्याने मन लावून काम केले. मधल्या भग्न जागेपाशी आल्यावर मात्र त्याचा हात थांबेना. तो पुढे आलेला हात कशाकडे जात असेल? त्याला वाटले, तिथे अग्निपात्र असणार. त्याने तिवईवर ठेवलेले अग्निपात्र काढले, त्यातून उठणारी ज्वाला काढली आणि दोन्ही बाजूंच्या स्त्रिया तिच्याच पूजेला आल्या आहेत असे भासू लागले. चित्र इतके बेमालूम जुळले की जोड कुठे आहे ते त्याचे त्यालाही सापडले नसते.

पहिला ठसा निघाला त्या दिवशी उत्तरेकडचा एक व्यापारी आला होता. चिनीमातीची भांडी आणि घरसजावटीचे नक्षीकाम करणारे मोठे कारखाने त्याचे होते. ठसा पाहून तो हरखला. अशीच पूर्ण चित्रे आपल्याला हवीत, तुटक्यामुटक्या दगडांवरून आमचे कारागीर काय बनवणार, असे तो म्हणाला.

वृद्धाने ठसा उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला. अग्निपात्र सुंदर उतरले आहे, असे तो मनापासून म्हणाला. मग त्याने पत्रा पुढ्यात ओढला, खरवडणी घेतली आणि शिष्याच्या व व्यापाऱ्याच्या देखत तो सगळा मधला भाग खरवडून टाकला. वरून घोटणी फिरवून तांबे गुळगुळीत केले.

शिष्य पत्र्यावर वाकला. तो म्हणाला, "गुरुजी, सुंदर होतं म्हणालात ना?"

"होतंच," वृद्ध म्हणाला. "पण तिथे दगड नव्हता."

व्यापारी रागावून निघून गेला. शिष्याने रात्र तळमळत काढली. म्हातारपणी गुरूला आपले कौशल्य सोसवत नाही, याखेरीज दुसरे कारण त्याला दिसेना. काही दिवसांनी व्यापाऱ्याने त्याला बोलावले आणि तो त्याच्याबरोबर उत्तरेकडे निघाला. गुरूने अडवले नाही. वाटेत पाणी गाळून पीत जा, एवढेच सांगितले.

उत्तरेत शिष्याने तो पट्ट आठवणीतून पुन्हा कोरला, अग्निपात्रासकट. खाली लिहिले: रोमजवळील प्राचीन देवळाचा शिल्पपट्ट. ठसे हातोहात खपले. पाहता पाहता ते अग्निपात्र शेकोट्यांवर आले, फुलदाण्यांवर आले, श्रीमंतांच्या छतांवर चुन्यात उठले. परक्या घरात जेवायला बसावे आणि समोरच्या भिंतीवर आपली ज्वाला दिसावी, असे होऊ लागले. पहिली काही वर्षे त्याला याचा फार आनंद वाटला.

पुढे त्या शहराने धान्यबाजाराची नवी इमारत बांधायला घेतली. तिच्या दारावरच्या शिल्पपट्टाचा आराखडा त्याच्याकडे आला. इतकी वर्षे जुन्याचीच उजळणी करून त्याचे मन विटले होते. आता त्याला स्वतःचे काही करावेसे वाटले. तो रोज पहाटे बाजारात जाऊन बसू लागला. कणसांचे भारे वाहणाऱ्या तिथल्या बायका, त्यांचे वर खोचलेले घागरे, एकीने टेकवलेला भारा उचलायला दुसरीने दिलेला हात, हे सारे त्याने रेखाटले. रचना जुन्या पट्टासारखीच धीमी आणि भारदस्त होती; माणसे मात्र त्याच गावची होती. आयुष्यात आपण काही खरे केले असेल तर हेच, असे त्याला वाटले.

आराखडा शहराच्या बांधकाम मंडळापुढे गेला. मंडळात प्राचीन कलेचा एक व्यासंगी पंडित होता. तो सौम्य आवाजात म्हणाला, "आपला हात उत्तम आहे. पण प्राचीन लोक असं कधीच करत नसत. अशा मिरवणुकीच्या मध्यभागी पूजेची वस्तू असते. हे पाहा." आणि त्याने टेबलावर एक ठसा उलगडला. तो शिष्याचाच होता.

शिष्य म्हणाला, "महाशय, ते अग्निपात्र मी माझ्या मनाने काढलं आहे. दगडावर ते नाही."

पंडित हसला. त्या अग्निपात्राच्या आधारे त्याने प्राचीनांच्या अग्निपूजेवर प्रबंध लिहिला होता, आणि तो दोन विद्यापीठांत वाचला जात होता. "इतक्या वर्षांनी आठवण दगा देते," तो म्हणाला. "इतकी शांत आकृती आजच्या माणसाला सुचणारच नाही."

आराखडा नाकारला गेला. दारावर अग्निपात्रच कोरायचे ठरले. त्या हिवाळ्यात शिष्याच्या हातून एकही काम झाले नाही. बर्फ वितळून वाटा मोकळ्या होताच त्याने सामान बांधले आणि रोमची वाट धरली.

गुरू आता फार थकला होता. दृष्टी अधू झाली होती, तरी पायरीवरच्या चाहुलीवरून त्याने शिष्याला ओळखले. शिष्याने काही न लपवता सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर वृद्ध म्हणाला, "चल, मळ्यात जाऊन येऊ."

मळेवाल्याने मागच्या वर्षी द्राक्षे तुडवायची जुनी कुंडी हलवली होती. तिच्या तळाशी एक संगमरवरी दगड पालथा घातलेला निघाला. तो त्याने भिंतीपाशी आणून टेकवून ठेवला होता. शिष्य जवळ गेला. पट्टाचाच तो हरवलेला तुकडा होता.

त्यावर अग्निपात्र नव्हते. पूजेची कसलीच वस्तू नव्हती. मिरवणुकीतली एक तरुण स्त्री टोपली खाली ठेवून वाकली होती आणि आपल्या वहाणेचा सुटलेला बंद बांधत होती. तिच्या खांद्यावर, तिचा तोल जाऊ नये म्हणून, मागच्या मैत्रिणीचा हात होता. भिंतीवर डावीकडे मनगटापाशी तुटलेल्या हाताचाच तो पंजा.

शिष्याने त्या हातावरून बोट फिरवले. मग त्याने विचारले, "गुरुजी, तुम्हांला हे ठाऊक होतं?"

"नव्हतं," वृद्ध म्हणाला. "नव्हतं म्हणूनच तर पुसलं."

मग तो दगडाला टेकून बसला आणि सावकाश बोलू लागला. "तू अग्निपात्र काढलंस, त्यात पाप नव्हतं. ते आपलं म्हणून वेगळ्या पत्र्यावर काढलं असतंस तर मीच पहिला ठसा घेतला असता. जुनं पाहून नवं सुचावं, यासाठीच तर आपण हे कोरतो. पण तू आपली कल्पना प्राचीनांच्या नावावर घातलीस. तू जागा मोकळी ठेवली असतीस तर तिकडचा एखादा कारागीर तिथे अडला असता, थोडा विचार करता झाला असता, आणि त्याने तिथे आपल्या गावची माणसं बसवली असती. पुढे तू स्वतः तेच करायला गेलास. तोवर ती जागा भरून गेली होती, आणि भरणारा तूच होतास."

शिष्याने मान खाली घातली. उन्हे उतरेपर्यंत दोघे तिथेच बसले. दुसऱ्या दिवसापासून शिष्य मळ्यात जाऊ लागला आणि त्याने नवा पत्रा कोरला. त्यात वाकलेली स्त्री होती, खांद्यावरचा हात होता, आणि दोन तुकड्यांमधली फटही जशीच्या तशी होती. खाली त्याने लिहिले की पूर्वीच्या ठशातले अग्निपात्र प्राचीन नाही, ते कोरणाऱ्याच्या कल्पनेतले आहे.

ठसे उत्तरेला गेले. व्यापाऱ्याने कळवले की अग्निपात्राला मागणी चांगली आहे, तेव्हा कारखान्यांत तेच चालू राहील. पंडिताकडून काहीच उत्तर आले नाही. शिष्याला वाईट वाटले, पण राग आला नाही. त्याने पत्रा पुसून, तेलाचा हात देऊन, फळीवर ठेवला आणि दुसरे काम हाती घेतले. तो एका कमानीचा कोपरा होता, अर्धा ढासळलेला. जिथे दगड संपत होता, तिथे त्याने सुई पत्र्यावरून उचलली.

एखादी गोष्ट पूर्वापार अशीच चालत आली आहे असे कोणी फार ठामपणे सांगू लागले, तर रागावू नये. तिची मधली आकृती कोणी काढली, एवढे मात्र विचारून घ्यावे.