शून्य पगाराचा माणूस

टेम्पोनं उडवलं आणि कुंदाताई शेलारांचा उजवा हात कायमचा निकामी झाला. टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस दवाखान्यातच तडजोडीच्या कागदावर सही मागायला आला. वर म्हणाला, "वकील कशाला करताय? उगाच खर्च!" कुंदाताईंनी त्याला हाकललं आणि रेहाना मुजावर वकीलबाईंना गाठलं.

कोर्टात कंपनीचे वकील दाभाडकर ऐटीत उठले. "बाई घरीच असतात. कमाई शून्य, म्हणून नुकसानही शून्य. भरपाई कसली मागताय?"

या गृहस्थांच्या घरी भाकऱ्या आपोआप भाजल्या जात असाव्यात!

कुंदाताई संतापून उठायला लागल्या. मुजावरबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे, पैसे नकोत. कंपनीनं फक्त एक माणूस द्यावा. त्यानं पहाटे उठून पाणी भरायचं, आठ जणांच्या भाकऱ्या थापायच्या, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करायचं. सणालाही सुट्टी नाही. पगार शून्य."

दाभाडकर उसळले, "काहीतरीच काय! एवढं काम फुकट कोण करेल?"

मुजावरबाई न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, एवढं वाक्य नोंदवून घ्या. आमचंही म्हणणं तेच आहे."