झिपरीच्या खिशाचं भोक

एक होती खार. इवलीशी खार. नाव तिचं झिपरी.

झिपरीच्या अंगात लाल झबलं. झबल्याला एक खिसा. खिसा एवढासाच, पण फार कामाचा.

झिपरी राहायची पेरूच्या झाडावर. वर घरट्यात तिची आई. आईला नवी पिल्लं झाली होती. दोन पिल्लं. गुलाबी गुलाबी, डोळे मिटलेली. आई त्यांना सोडून खाली येईना. म्हणून खाऊ आणायचं काम झिपरीकडे.

खाली अंगणात सुंद्राकाकूने शेंगदाणे वाळत घातले होते. झिपरी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. एक दाणा खिशात. दोन दाणे खिशात. तीन दाणे खिशात. झिपरी निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

मागून निघाली कोंबडी.

टप्प. दाणा पडला. कोंबडीने केला गट्ट.

टप्प. गट्ट.

टप्प. गट्ट.

झिपरीला पत्ताच नाही. ती झाडावर चढली. आईसमोर बसली. खिशात हात घातला. हात वरून गेला आत, आणि खालून आला बाहेर.

खिशाला भोक.

आईने भोकातून आलेली बोटं पाहिली. तिला हसू आलं. पण पोट रिकामंच होतं. पोटात गुर्रर्र, गुर्रर्र वाजत होतं. झिपरीला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "आई, तू बस. मी भोक बुजवून येते."

सुंद्राकाकूच्या ओसरीवर होतं शिलाई मशीन. पायाने चालवायचं. झिपरीचं झबलं त्याच मशीनवर शिवलेलं. पण मग काकूला बाळ झालं, आणि मशीन बंद पडलं. सहा महिने ते चादरीखाली झोपून होतं.

झिपरी चादरीखाली शिरली. आत धूळच धूळ. आक्छी. आक्छी. धुळीत कोण उभं? सुई. सरळ, ताठ, चकचकीत.

"सुईबाई, सुईबाई,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू शिवतेस का?"

सुईला पण एक भोक असतं. त्याला म्हणतात नेढं. त्यातून दोरा जातो. सुईने आपलं नेढं दाखवलं. रिकामं.

सुई म्हणाली, "दोरा आला तर शिवीन."

झिपरी गेली दोऱ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. दोरा रिळावर गुंडाळून बसला होता. गोल गोल, गोल गोल.

"दोरेदादा, दोरेदादा,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू येतोस का?"

दोऱ्याने सांगितलं, हे एकट्याचं काम नाही. वरून एक दोरा लागतो, खालून एक दोरा लागतो. दोघांनी हात धरले की टाका बसतो. खालचा दोरा असतो बॉबिनच्या पोटात.

दोरा म्हणाला, "बॉबिन भरली तर येईन."

झिपरी गेली बॉबिनकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. बॉबिन होती खणात, बटणांच्या गर्दीत. छोटीशी, गोल, पोट खपाटीला गेलेलं.

"बॉबिनताई, बॉबिनताई,
दोरा येईना,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू भरतेस का?"

बॉबिनला भूक तर खूप होती. पण तिला कोणी गरगर फिरवलं, तरच तिच्या पोटात दोरा जातो.

बॉबिन म्हणाली, "चाक फिरलं तर भरेन."

झिपरी गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. चाक होतं मोठं, काळं, जाडजूड. झिपरीने त्याला ढकललं. चाक जागचं हललं नाही. झिपरीच मागे सरकली.

"चाकोबा, चाकोबा,
बॉबिन भरेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू फिरतोस का?"

चाक म्हणालं, "पट्टा चढला तर फिरेन."

पट्टा कुठे होता? भिंतीवर, खिळ्याला लटकलेला. लांबच लांब, आणि अगदी आळशी. झिपरी भिंतीवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पट्टेराव, पट्टेराव,
चाक फिरेना,
बॉबिन भरेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू चढतोस का?"

पट्ट्याने जांभई दिली. तो म्हणाला, मी चढेन एका उडीत, पण खाली पायडलच हलत नाही. मग चढून करू काय?

"पायडल हललं तर चढेन."

झिपरी गेली खाली. पायडल होतं मशीनच्या पायाशी. काकू त्यावर पाय ठेवायची, मागे-पुढे, मागे-पुढे. आता ते आखडून बसलं होतं. झिपरीने त्यावर उडी मारली. पायडल नुसतं कण्हलं. कुईंऽऽ.

"पायडलमामा, पायडलमामा,
पट्टा चढेना,
चाक फिरेना,
बॉबिन भरेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू हलतोस का?"

पायडल म्हणालं, कुईंऽऽ, माझे सांधे दुखतात. कुईंऽऽ, मला तेल हवं.

"कुईंऽऽ. कुपी कलंडली तर हलेन."

तेलाची कुपी होती कोनाड्यात. नाक लांब, पोट गोल. झिपरी गेली कोनाड्यात. तुरुतुरु, तुरुतुरु. आता तिला धाप लागली होती.

"कुपीमावशी, कुपीमावशी,
पायडल हलेना,
पट्टा चढेना,
चाक फिरेना,
बॉबिन भरेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू कलंडतेस का?"

कुपीने मान हलवली. मागे एकदा ती एकटीच कलंडली होती. तेल सांडलं ओसरीभर. काका घसरले, काकू घसरली, मांजर तर घसरत घसरत अंगणात गेलं. तेव्हापासून कुपी आपणहून कलंडत नव्हती.

कुपी म्हणाली, "काकू उठली तर कलंडेन."

झिपरी गेली काकूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काकू खांबाला टेकून बसली होती. मांडीवर बाळ. झिपरी समोर बसली, दोन्ही हात जोडून.

"सुंद्राकाकू, सुंद्राकाकू,
कुपी कलंडेना,
पायडल हलेना,
पट्टा चढेना,
चाक फिरेना,
बॉबिन भरेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू उठतेस का?"

काकूने खिशातलं भोक पाहिलं. भोकातून आरपार झिपरीचं पोट दिसत होतं. काकूला वाईट वाटलं. तिने बाळाला सतरंजीवर ठेवून पाहिलं. बाळ रडलं, भ्यॅंऽऽ. उचललं की गप्प. ठेवलं की भ्यॅंऽऽ.

काकू म्हणाली, "बघ बाई झिपरे, सकाळपासून हे असंच चाललंय. बाळ उतरलं तर उठेन."

आता राहिलं बाळ.

बाळ तर अगदी जवळ होतं. झिपरी दोनच पावलं गेली. तुरु, तुरु.

"बाळा, बाळा,
काकू उठेना,
कुपी कलंडेना,
पायडल हलेना,
पट्टा चढेना,
चाक फिरेना,
बॉबिन भरेना,
दोरा येईना,
सुई शिवेना,
माझ्या खिशाचं भोक बुजेना.
तू उतरतोस का?"

बाळाला एकच शब्द येत होता. बाळाने झिपरीची शेपटी पाहिली. झुपकेदार, मऊमऊ. बाळाने हात पुढे केला आणि तो एकच शब्द म्हणालं.

"दे."

झिपरी दचकली. तिने शेपटी पोटाशी धरली. शेपटी कोणाच्या हातात द्यायची नाही, असं आईने सांगितलं होतं. झिपरी खांबावर चढली. खाली आली. परत चढली. परत खाली आली. बाळ वाट बघत होतं. झाडावर आईचं पोटही वाट बघत होतं.

झिपरीने झबलं काढलं. काकूच्या हातात दिलं. मग ती सतरंजीवर बसली, पाठ केली बाळाकडे, डोळे घट्ट मिटले, आणि शेपटी मागे सोडली.

बाळ सुळ्ळकन खाली उतरलं. दोन्ही मुठींत शेपटी धरली. आणि घातली तोंडात.

झिपरीला गुदगुल्या झाल्या. खूप गुदगुल्या झाल्या. पण ती हलली नाही.

आणि मग काय झालं?

बाळ उतरलं, म्हणून काकू उठली. तिने चादर झटकली. फटाक, फटाक. मशीनवरची धूळ पुसली.

काकू उठली, म्हणून कुपी कलंडली. एक थेंब इथे, एक थेंब तिथे. टिप्प. टिप्प. काकूने वरचं तेल फडक्याने टिपून घेतलं. म्हणजे झबल्याला डाग नको.

कुपी कलंडली, म्हणून पायडल हललं. आधी कुईंऽऽ. मग कुईं. मग आवाजच नाही.

पायडल हललं, म्हणून पट्टा चढला. काकूने त्याला खिळ्यावरून काढलं, खालच्या चाकावर घातलं, वरच्या चाकावर घातलं. पट्ट्याची झोप उडाली.

पट्टा चढला, म्हणून चाक फिरलं. गरगर, गरगर.

चाक फिरलं, म्हणून बॉबिन भरली. सर्रर्र, सर्रर्र. पोट टम्म. काकूने तिला तिच्या डबीत ठेवलं, डबी मशीनच्या पोटात बसवली. खट्ट.

बॉबिन भरली, म्हणून दोरा आला. रिळावरून निघाला, या आकड्यातून गेला, त्या आकड्यातून गेला, खाली सुईपाशी आला. काकूने त्याचं टोक ओठांत ओलं केलं. नेढ्यात घातलं. गेलं नाही. परत ओलं केलं. परत गेलं नाही. तिसऱ्यांदा गेलं. काकूने चाक हाताने हळूच फिरवलं. सुई खाली गेली, आणि खालच्या दोऱ्याला हात धरून वर घेऊन आली.

दोरा आला, म्हणून सुई शिवायला लागली.

खटखट, खटखट, खटखट, खटखट.

सहा महिन्यांनी मशीन वाजत होतं. काकूला इतका आनंद झाला की तिने एक बाजू शिवली, दुसरी बाजू शिवली, खाली शिवलं, आणि वरही शिवलं.

काकूने झबलं झिपरीसमोर धरलं. झिपरीने बसल्या जागी खिशात हात घालायला घेतला. हात जाईना. खिशाचं भोक बुजलं होतं, पण खिशाचं तोंडही बुजलं होतं.

झिपरी काकूकडे बघत राहिली. काकू खिशाकडे बघत राहिली. मग काकू इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कात्री घेतली. वरचे टाके एकेक करून उसवले. टुक, टुक, टुक. खिशाचं तोंड उघडलं.

काकू म्हणाली, "थांब. शिवण पक्की आहे का, बघू या."

तिने मूठभर शेंगदाणे घेतले आणि खिशात भरले. खिसा फुगला. झिपरीने झबलं घातलं. पण जाणार कशी? शेपटी बाळाच्या हातात. तिने हळूच ओढली. बाळाच्या मुठी सैल होत्या. बाळ सतरंजीवरच झोपलं होतं. काकू बाळाकडे बघत मशीनशी बसली, आणि दुसरं कापड सुईखाली घेतलं. खटखट, खटखट.

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिने मुद्दाम एक उडी मारली. काही पडलं नाही. दुसरी उडी मारली. काही पडलं नाही. पेरूच्या झाडावर ती धावतच चढली. खिशात हात घातला. हात गेला आत, आणि मूठ भरून बाहेर आला.

आई खायला लागली. कुटुरकुटुर, कुटुरकुटुर. झिपरी समोर बसून बघत होती. दाणे देता देता खिसा रिकामा झाला, तरी ती बघतच होती. सकाळपासून तिनेही काही खाल्लं नव्हतं. पण ते ती बोलली नाही.

आईने शेवटचा दाणा हातात घेतला. फिरवून पाहिला. सगळ्यांत मोठा होता. आईने तो झिपरीच्या तळहातावर ठेवला.

"हा तुझा," आई म्हणाली.

झिपरीने दाणा दोन्ही हातांत धरला. आईला टेकून बसली. आणि सावकाश, अगदी सावकाश खाल्ला.

कुटुर. कुटुर. कुटुर.

वरचा दोरा, खालचा दोरा, मारली गाठ, गोष्ट झाली.