माळावरच्या बिळांचं मागचं दार

त्या राज्यात उंदरांचं काम एकीकडे होतं आणि बीळ दुसरीकडे. काम खळ्यावर, सांडलेले दाणे वेचायचं. खळ्याच्या बांधातली कोरडी बिळं घुशींच्या मालकीची, आणि त्यांचं भाडं ऐकूनच उंदरांच्या मिशा खाली यायच्या. म्हणून गरीब उंदीर ओढ्याकाठी राहत आणि दर पावसाळ्यात पिल्लं तोंडात धरून पळत.

दरबाराला याचं वाईट वाटलं, उगाच नावं ठेवू नयेत. फुकट बिळं द्यायचं ठरलं आणि काम कासवरावांकडे आलं. कासवराव मोठे सज्जन. पण जन्मभर जिथे जातील तिथे त्यांचं घर पाठीवर. घर लांब पडतं म्हणजे काय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मोकळी जागा टेकडीवरच्या माळावर सापडली. तिथे शंभर बिळं झाली. प्रत्येक उंबऱ्यावर दरबारी शिक्का बसला आणि नियम निघाला: संध्याकाळी जो दारात दिसेल त्याचंच बीळ.

एक बीळ धुरपी उंदरिणीला मिळालं. तिला चार पिल्लं, धाकट्याचे तर डोळेही उघडले नव्हते. पहिल्या दिवशी ती त्या कोरड्या जमिनीवर आनंदाने लोळली. दुसऱ्या दिवशी टेकडीला वळसा घालून खळ्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. चार दाणे वेचते न वेचते तोच परतायची वेळ. पिल्लं सांभाळणारी चिचुंद्रीमावशी तर ओढ्यालाच राहिलेली. आठ दिवसांत धाकट्याचं पोट पाठीला लागलं. बीळ सोडावं तर पावसाळा तोंडावर, धरावं तर पिल्लू हातचं जायचं. धुरपी हमसून हमसून रडली. डोळे पुसताना तिची नजर मागच्या भिंतीवर गेली.

"अगं बाई! याला मागचं दारच नाही!"

उंदरांत चाल आहे, बिळाला मागचं दार हवंच. नसेल त्या घरात कुणी लेक देत नाही. कासवरावांनी मात्र स्वतःच्या घराकडे बघून नकाशा काढला होता. धुरपीने भिंत उकरायला घेतली. खरखर ऐकून शेजारीही भिडले. दार कुठे उघडायचं, यावर एका शब्दाची चर्चा झाली नाही. नवव्या दिवशी टेकडीच्या पोटातून सगळे थेट खळ्यावर निघाले.

आता दिवसभर काम खळ्यावर, पिल्लं ओढ्याहून तिथे येणाऱ्या मावशीजवळ आणि संध्याकाळी सगळे आपापल्या दारात. कासवराव भलतेच खूश. एकदा ते धुरपीचं कौतुक करायला आत शिरले, मागचं दार बघायला वाकले आणि पाय घसरला. गडगडत, घरासकट, ते खळ्यावरच्या राशीत उताणे पडले.

भोवती सगळी वस्ती. मावशीच्या कुशीत धाकटं निजलेलं. दरबारी भिंत फोडल्याचं उघडं पडलं होतं. आता बिळं गेली. धुरपीने पुढे होऊन त्यांना सरळ केलं, पाठीवरचा भुसा झटकला.

"लागलं नाही ना, साहेब? तुमचं बरंय. कुठेही पडलात तरी घरातच पडता."

कासवरावांनी मान आत घेतली. बाहेर काढली ती खळं, मावशी आणि निजलेलं धाकटं नीट बघायला.

पावसाच्या आधी उंबऱ्यांवरचे शिक्के नवे करायचा दिवस आला. या खेपेला कासवराव माळावर गेलेच नाहीत, खळ्यावर बसले. "शिक्का असेल त्याचं भाडं दरबार देईल, बीळ कुठलंही असो," त्यांनी सांगितलं. धुरपी पुढे आली. तिने सवयीने विचारलं, "उंबरा कुठला दाखवू?"

"उंबरा राहू दे. पाठ कर इकडे."

पाठीवर शिक्का घेऊन धुरपी बांधाकडे निघाली. दारातल्या घुशीने तिची पाठ निरखली आणि मुकाट्याने बाजूला सरकली. धाकट्याचे डोळे आता उघडले होते. त्याने एकदा कासवरावांची पाठ पाहिली, एकदा आईची.

"आई, तूपण कासव झालीस?"